"गुन्हेगारांचे वकील" म्हणणाऱ्या वाचकांना

अमेरिकेतल्या फ्लोरिडात शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या मताच्या हक्कावर मी लेख लिहिला, त्याखाली तुम्ही लिहिलंय, "अमेरिकेत जाऊन गुन्हेगारांचे वकील झालात, दंड भरला की मत मिळतंच ना, मग रडता कशाला." तेही नाव न टाकता. मत वेगळं असू दे हो, पण ही काय बोलायची पद्धत झाली? मी बावीस वर्षं इथे फ्लोरिडातल्या टॅम्पात आहे, माझ्या दुकानाचा गल्ला दोनदा फोडलाय, तेव्हा गुन्हा म्हणजे काय ते मला तुम्ही शिकवू नका.

एक मान्य. "सगळ्यांना हक्क परत मिळाला" असं मी लिहिलं ते चुकलं, खून आणि लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेले राज्याच्या घटनेतल्या २०१८ च्या दुरुस्तीत नव्हतेच. वाक्य बदललंय.

आता तुमचं ते "दंड भरला की". नोव्हेंबर २०१८ ला त्या दुरुस्तीवरच्या मतदानात इथल्या जवळपास ६४.५ टक्के मतदारांनी (लागत होते ६०) ठरवलं की शिक्षा पूर्ण झाली की मत परत, त्यात माझंही मत होतं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला की शिक्षा पूर्ण म्हणजे दंड, कोर्टाची फी, नुकसानभरपाई, सगळं चुकतं केलेलं हवं. आणि कुणाचं किती बाकी हे सांगणारी एक यादी राज्याकडे नाही! माझ्याकडे कामाला एक जण आहे, विशीत ड्रग्जच्या केसमध्ये आत गेलेला, त्याच्यासाठी मी स्वतः फोन केलेत, एका ऑफिसात एक आकडा, दुसरीकडे दुसरा, तिसरीकडे म्हणे जुने कागदच सापडत नाहीत. माणूस पैसे घेऊन उभा आहे आणि किती भरायचे ते कुणी सांगेना. अंदाजाने मत द्यावं तर अटकेची भीती, २०२२ मध्ये हक्क नसताना मत दिलं म्हणून लोकांना धरलंयसुद्धा. अपील कोर्टाने २०२० मध्ये तोच कायदा कायम ठेवला.

आपल्याकडे तुरुंगात असताना मत नाही, कच्च्या कैद्यालासुद्धा नाही, ते मला पटत नाहीच. पण निवडणुकीतले गुन्हे सोडले तर सुटून आलेल्याकडे बूथवर दंडाची पावती कुणी मागतं का?

"आधी भारताचं बघा" वगैरे जे आहे त्याला उत्तर देत बसत नाही.

२०२० ला मी मत देऊन येईपर्यंत माझ्याकडे कामाला असलेला तो बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून होता. त्याच्या पगारातून टॅक्स मीच कापतो, दर आठवड्याला. पुढच्या वेळी नाव लिहून बोला.