कॅप्टन अमेरिकाच्या वारसांवरील आक्षेप

मार्व्हलच्या कॉमिक्समधला ढालधारी नायक कॅप्टन अमेरिका फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅम विल्सन या कृष्णवर्णीय पात्राच्या रूपात चित्रपटगृहांत आला, तेव्हापासून एक दावा मोठ्या हिरिरीने पसरवला जात आहे. कॅप्टन अमेरिका म्हणजे मूळ नायक स्टीव्ह रॉजर्स, दुसरा कोणीही नव्हे. त्याची ढाल एका कृष्णवर्णीय माणसाकडे देणे ही अलीकडची राजकीय टूम आहे. जुनी कॉमिक्स राजकारणापासून अलिप्त होती. आणि स्टीव्हला अफाट ताकद देणारे सुपर-सोल्जर द्रव्य अंगात नसलेल्या माणसाला ती जागा पेलणारच नाही, असा तो दावा. एखाद्याला चित्रपट आवडला नसेल तर त्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. मात्र या दाव्याला इतिहासाचा आधार दिला जातो आणि तो आधारच कच्चा आहे.

प्रथम ‘दुसरा कोणीही नव्हे’ हे विधान पाहू. मार्च १९६४ च्या ‘ॲव्हेंजर्स’ या मार्व्हलच्या मालिकेच्या चौथ्या अंकात स्टीव्ह रॉजर्स बर्फात गोठलेला सापडतो आणि १९४५ पासून तो तसाच पडून होता, असे वाचकाला सांगितले जाते. पण १९४५ नंतरही काही वर्षे कॅप्टन अमेरिकाच्या कथा छापल्या जात होत्या आणि १९५० च्या दशकात कम्युनिस्टांना झोडपणारा कॅप्टन अमेरिका काही काळ पुन्हा अवतरला होता. मग तो मुखवट्यामागचा माणूस कोण? लेखक स्टीव्ह एंगलहार्ट आणि चित्रकार सॅल बुसेमा यांनी १९७२ मध्ये, ‘कॅप्टन अमेरिका’ मालिकेच्या अंक १५३ ते १५६ मध्ये, याचे जे उत्तर दिले ते या मालिकेतील सर्वांत धारदार कथांपैकी एक आहे, असे माझे मत आहे. त्यांच्या कथेनुसार पन्नासच्या दशकातील तो नायक म्हणजे स्टीव्ह रॉजर्सच्या भक्तीने झपाटलेला एक वेगळाच तरुण होता. त्याने सुपर-सोल्जर द्रव्याचे हरवलेले सूत्र शोधून काढले, शस्त्रक्रियेने चेहरा बदलून घेतला आणि नावसुद्धा स्टीव्ह रॉजर्स असेच घेतले. सूत्रासोबत आवश्यक असलेला किरणोपचार मात्र त्याला मिळाला नाही. त्याचे डोके फिरले, जो तो त्याला कम्युनिस्ट दिसू लागला आणि अखेर सरकारनेच त्याला गोठवून ठेवले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन-भेटीने संतापलेला एक माणूस त्याला पुन्हा जागा करतो, तेव्हा तो न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जाऊन कोणावर हात टाकतो, तर सॅम विल्सनवर! शेवटी खरा स्टीव्ह त्याला हरवतो, पण त्याला विजयाचा आनंद होत नाही, कारण परिस्थिती वेगळी असती तर आपणही असेच झालो असतो, हे त्याला उमगते.

पुढे १९७७ मध्ये लेखक रॉय थॉमस यांनी १९४५ नंतरच्या कथांचाही उलगडा केला. त्यांच्या मते स्टीव्हच्या जागी आधी विल्यम नॅसलंड आला आणि तो मारला गेल्यावर जेफ्री मेसने ढाल उचलली. ही सारी मागाहून लावलेली ठिगळे आहेत, असे यावर कोणी म्हणेल. आहेतच. पण स्टीव्ह १९४५ मध्ये गोठला, हेही १९६४ साली लावलेले ठिगळच आहे. एक ठिगळ मूळ कापड मानायचे आणि दुसरे नाकारायचे, याला निकष कोणता?

सॅम विल्सन आयत्या वेळी आणून बसवला, हे म्हणणे तर जुने अंक न चाळल्याचेच लक्षण आहे. स्टॅन ली आणि जीन कोलन यांनी फाल्कन या नावाने त्याला १९६९ मध्ये, अंक ११७ मध्ये आणले. १९७१ पासून काही वर्षे मुखपृष्ठावर मालिकेचे नावच ‘कॅप्टन अमेरिका आणि फाल्कन’ असे छापले जात होते. ढाल त्याच्याकडे २०१४ मध्ये आली, म्हणजे पदार्पणानंतर ४५ वर्षांनी. इतकी उमेदवारी आपल्याकडे राजकारणातल्या वारसालासुद्धा करावी लागत नाही. त्या बदलाची घोषणा दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमात झाली, तेव्हा प्रकाशकांची नजर प्रसिद्धीवर होती, हे मान्य. पण प्रसिद्धीचा सोस वेगळा आणि पात्राचा पूर्वेतिहास वेगळा.

राजकारणाच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करावेत असे नाही. मार्च १९४१ ही तारीख असलेल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो. हा अंक विक्रीला आला तेव्हा पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला व्हायला जवळजवळ वर्ष होते आणि युद्धात पडू नये, असे मानणारा मोठा वर्ग अमेरिकेत होता. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोघा ज्यू निर्मात्यांना त्यापायी धमक्या आल्या. पुढे वॉटरगेट घोटाळ्याच्या काळात, १९७४ मध्ये, एका कटाचा सूत्रधार थेट व्हाइट हाउसमध्ये निघतो, त्या धक्क्याने स्टीव्ह पोशाख उतरवतो आणि त्याच्या जागी उभा राहू पाहणारा रॉस्को नावाचा तरुण रेड स्कल या खलनायकाकडून मारला जातो.

द्रव्याच्या मुद्द्यातही दम नाही. नॅसलंड आणि मेस यांच्या अंगात ते नव्हते. स्टीव्ह मारला गेल्यावर २००८ मध्ये एड ब्रुबेकर यांच्या कथेत ढाल घेणारा त्याचा जुना साथीदार बकी बार्न्स कृत्रिम हात आणि कमरेला पिस्तूल घेऊन तेच काम करत होता. उलट पन्नासच्या दशकातला वेडा द्रव्य टोचूनच वेडा झाला होता. मार्क ग्रुएनवाल्ड यांच्या १९८७ च्या कथेतला जॉन वॉकरही माणसापलीकडच्या ताकदीचा होता. पोशाख आणि ढाल ही सरकारी मालमत्ता आहे, तेव्हा आमच्या हुकमाखाली काम कर, असे सरकारी आयोगाने बजावल्यावर स्टीव्हने दोन्ही वस्तू परत केल्या आणि आयोगाने त्या वॉकरला दिल्या. वॉकरकडे बळ होते, निष्ठाही होती. आईवडिलांची हत्या झाली तेव्हा मात्र त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्याने मारेकऱ्यांचे मुडदे पाडले.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. हे वारस फार काळ टिकत नाहीत. वॉकरकडून १९८९ मध्ये ढाल स्टीव्हकडे परतली, बकीकडूनही परतली आणि प्रत्येक वेळी वाचकाला ते आधीच ठाऊक होते. विक्रीचे गणित मूळ नायकाला फार काळ दूर राहू देत नाही आणि त्यामुळे वारसाच्या कथेतला धोका खोटा वाटू लागतो. ही टीका करायची तर प्रकाशकांवर करावी, सॅमवर नव्हे. शिवाय २०२२ मध्ये मार्व्हलने स्टीव्हची आणि सॅमची अशा दोन स्वतंत्र मालिका एकाच वेळी सुरू केल्या आणि दोघेही त्यांत कॅप्टन अमेरिकाच होते.