गणपतीपुळ्याला जाताना रत्नागिरी नुसती ओलांडू नका

सातारकर मंडळी, मे महिना लागला की आपल्या निम्म्या गावाच्या गाड्या कुंभार्ली घाट उतरून कोकणात जातात आणि प्लॅन ठरलेलाच असतो, गणपतीपुळे, आरे-वारेला फोटो, सुरमई थाळी, येताना हापूसची पेटी, झालं कोकण. रत्नागिरी शहरात थांबतं कोण? फार तर पेट्रोल भरायला. मला हे आधीपासूनच पटत नव्हतं, आणि ह्या सुट्टीत आत्याकडे निवांत राहून शहर फिरल्यावर तर अजिबातच पटत नाही, म्हणून एवढं मोठं लिहितेय.

सगळ्यात आधी थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ ला इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला राण्या-मुलींसकट उचललं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ ला इथं रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हा इथं रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद, म्हणजे राजाची माणसं त्याच्यापर्यंत पोचणार कशी? हा राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम शेवटची सहा वर्षं तो ह्या वाड्यात राहिला. लाल रंगाची इमारत, उतरती छपरं आणि वर त्या अर्धगोल लाकडी खिडक्या. खाली उभं राहून फोटो काढून पळू नका, त्या लाकडावरचं कोरीवकाम नीट जवळून बघा, आपल्याकडच्या वाड्यांपेक्षा एकदम वेगळी नक्षी आहे.

लेक तिथंच विचारायला लागली, आई, मग ह्यांना परत घरी का नाही सोडलं? मी तिला आपलीच गोष्ट सांगितली. आपण संध्याकाळी ज्या चारभिंतीवर वारा खायला जातो ना, ती बांधणारे छत्रपती प्रतापसिंह महाराज, त्यांनाही इंग्रजांनी १८३९ ला खोटेनाटे आरोप ठेवून गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. महाराज १८४७ ला तिकडंच गेले, सातारा परत बघायला मिळाला नाही. रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी भांडले, तरी काही उपयोग झाला नाही. बहादूरशहा जफरला दिल्लीतून काढून रंगूनला, रंगूनकडच्या राजाला रत्नागिरीला, आमच्या महाराजांना काशीला, राजाला त्याच्या माणसांपासून तोडायचं ही त्यांची पद्धतच होती. म्हणून मला मनापासून वाटतं की थिबाचं दुःख कळायला सातारकराइतकं जवळचं दुसरं कोणी नसेल, आणि आपणच तिथं जात नाही ह्याचं फार वाईट वाटतं.

आणि पॅलेस बघून झाला की समाधी बघितल्याशिवाय निघू नका. राजाची आणि धाकट्या राणीची समाधी गावातच आहे. २०१२ ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथं मुद्दाम येऊन गेले, एवढ्या लांबून! आपल्याला रिक्षाने जायचंय फक्त.

बाकी शहर पण काय कमी नाही. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, १८५६ चा जन्म, साधं उतरत्या कौलांचं कोकणी घर, आत गेलं की मे महिन्यातही गार वाटतं. पतितपावन मंदिर तर पोरांना दाखवाच, १९३१ ला भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशाने बांधलं, सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश, त्या काळात!

रत्नदुर्गला सकाळी लवकर जा. घोड्याच्या नालेसारखा आकार, तिन्ही बाजूंनी समुद्र, बालेकिल्ल्यात भगवती देवी, वेगळ्या टेकडीवर दीपगृह, आणि तटावरून मिरकरवाड्याच्या बोटी दिसतात. दहानंतर मात्र आपल्याला ते दमट ऊन झेपत नाही, अजिंक्यताऱ्यावर कितीही ऊन असलं तरी वारा कोरडा असतो, इथं नुसतं उभं राहिलं तरी अंग चिकचिक होतं. आत्या म्हणायची, अगं, अकरा ते चार घराबाहेर पडायचंच नाही गं, कोकम सरबत घे आणि पड जरा. ऐकलं तिचं. संध्याकाळी मांडवीला काळ्या वाळूवर, नाहीतर भाट्याला, पोरं अंधार पडेपर्यंत पाण्यातून बाहेर येत नाहीत.

पुळ्याला जायचंच असेल तर पुढं मालगुंडही करा, केशवसुतांचं जन्मगाव, स्मारक छान ठेवलंय.

आणि जाताना कसबा संगमेश्वर चुकवू नका. १६८९ ला संभाजी महाराजांना तिथंच पकडलं, हायवेपासून थोडंसंच आत आहे, कर्णेश्वराचं जुनं दगडी मंदिरही तिथंच. पहाटे सातारा सोडलात तर ऊन चढायच्या आत दोन्ही आरामात होतं. रत्नागिरीत राहायची सोय, रिक्षाचे रेट वगैरे कोणाला हवे असतील तर खाली विचारा, मी सांगते.