अण्णांच्या गोठ्याचे पत्रे

हर्णैच्या बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव आटपला की आम्ही चौघं चहाच्या टपरीमागच्या कट्ट्यावर जमतो. मे संपत आलेला, मासेमारी बंद व्हायला आठवडा, आणि गावात ज्याच्या त्याच्या डोक्यात छप्पर. त्यावरूनच परवा पेटलं.

अण्णांच्या गोठ्यावर सिमेंटचे पत्रे आहेत, 1984 सालचे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं त्यात सात उडाले, उरलेल्यांवर शेवाळाचा थर. पप्या आमचा फॅब्रिकेशनवाला. त्याने सांगितलं, तारेच्या ब्रशने घासतो, रंग मारतो, दोन पत्रे ग्राइंडरने कापून कोपऱ्यात बसवतो. एका दिवसाचं काम.

"घासू नको," भाई म्हणाला.

भाईने मुंबईत जहाजदुरुस्तीत बावीस वर्षं काढली. बॉयलरच्या पाइपांवरचं लपेटण सोलायचं काम. अॅस्बेस्टॉस, म्हणजे खाणीतून काढतात तो तंतूंचा दगड, हा शब्द आम्हाला त्याच्याकडूनच कळला. ते लपेटण त्याचंच, आणि सिमेंटच्या पत्र्यातही तेच तंतू.

"चाळीस वर्षं त्याखाली गुरं बांधली, बाजूला आम्ही झोपलो. कोणाला काय झालं?" अण्णा.

पप्याने लगेच री ओढली. "आणि भाई, तू बिडी ओढत सांगतोस होय? काजूच्या टरफलांचा धूर, चुलीचा धूर, त्याने माणसं मरतात इथं. पत्र्याने मेलेला एक दाखव."

हा मुद्दा मला हसण्यावारी नेता येत नाही. पत्रा मुख्यतः सिमेंटच असतो, तंतू साधारण दहावा हिस्सा, तेही सिमेंटात घट्ट बसलेले. धड पत्र्याखाली राहणाऱ्याला धोका फार कमी, आणि छपरावरून आलेलं पाणी प्यायल्याने काही होतं असा ठोस पुरावा जागतिक आरोग्य संघटनेलाही मिळालेला नाही. कारखान्यातला कामगार आणि आपले अण्णा यांना एका तागडीत घालून कसं चालेल?

पण "काय झालं?" हा प्रश्नच इथे फसवा आहे. मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, तंतू छातीत गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर माणूस कुठल्या छपराखाली होता हे कोण लक्षात ठेवतो? डॉक्टरही विचारत नाही. मग "पत्र्याने मेलेला" दाखवायचा कुठून?

"म्हणजे मी एकशे दहा वर्षांचा होईन तेव्हा बघू," अण्णा म्हणाले. सगळे हसले. अण्णांचं वय बहात्तर.

भाई हसला नाही. दक्षिण आफ्रिकेत 1960 साली वॅग्नर नावाच्या डॉक्टरने या कॅन्सरचे तेहतीस रोगी नोंदवले, त्यातले कितीतरी अॅस्बेस्टॉसच्या खाणीत कधी कामाला गेलेच नव्हते, नुसते खाणीच्या मुलखात वाढले होते. 1965 साली लंडनमध्येही तेच दिसलं: कामगाराच्या घरची माणसं, कारखान्यापासून अर्ध्या मैलात राहणारी माणसं. हे मी सांगत होतो, तर भाई मध्येच म्हणाला, "माझे कामाचे कपडे तीच धुवायची. आधी गॅलरीत झटकायची, मग साबण." एवढंच बोलून त्याने बिडी विझवली. वहिनी आहेत, धडधाकट आहेत. पण त्यानंतर कट्ट्यावर जरा वेळ कोणी बोललं नाही.

बिडीवरून पप्याला एक उत्तर देणं बाकी होतं, ते मी दिलं. अॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. म्हणजे भाईनेच आधी सोडायला हवी. भाईने मान डोलावली, बंडल मात्र खिशातच ठेवलं.

"सरकार विकू देतं ना? मग?" पप्या.

देतं. खाणी बंद केल्या, आयात चालूच. युरोपीय संघात 2005 पासून बंदी आहे, ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मनाई केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली कामगारांच्या तपासणीच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितलं. इतकी वर्षं का, याचा विचार पप्याने करावा. अमुक इतकी धूळ चालते, त्याखाली भीती शून्य, अशी रेघ अजून कोणाला मारता आलेली नाही.

मग मी अण्णांना त्यांच्याच परसात नेलं. वादळात फुटलेल्या पत्र्यांचा ढीग अजून गडग्याला टेकून आहे. एक तुकडा तुटल्या कडेने उन्हाकडे धरला, लांबून. काथ्याच्या तुसासारखे पांढुरके केस बाहेर आलेले. डोळ्याला दिसतात ते झुबके; छातीत खोल जातात ते तंतू दिसतही नाहीत. आणि खळ्यात ठिकरीचे चौकोन आखलेले, पांढरे, ठळक. नातवाने त्या ढिगातलाच तुकडा खडू म्हणून वापरला होता. नातू सात वर्षांचा. त्याच्यापुढे चाळीस वर्षं नक्की आहेत.

अण्णा बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत राहिले. "झाडून टाकू?" म्हणाले.

"कोरडं नाय झाडायचं," भाई. "भिजव, ओल्या फडक्याने पूस, फडकं पिशवीत बांध."

आता पप्याही वळला, धंद्याच्या भाषेत. पत्रे घासायचे नाहीत, कापायचे नाहीत. भिजवायचे, गंजलेले जे-बोल्ट हातकरवतीने तोडायचे, अख्खा पत्रा दोघांनी धरून उतरवायचा, फेकायचा नाही. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क आणायचा. ढीग दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधायचा. फोडून वाटेच्या चिखलात टाकायचा नाही, जसा आम्ही गेल्या पावसात माझ्याच पाणंदीत टाकला.

"भिजवायला पाणी?" अण्णांनी विचारलं. "विहिरीत बादली घासतेय तळाला."

हा कोकणातला खरा पेच. छप्पर बदलायचं पावसाआधी, आणि पाणी असतं पावसानंतर. तोड पप्याने काढली: आंब्याच्या फवारणीचा पाठीवरचा पंप. सोळा लिटर पाणी, चिमूटभर साबण, बारीक तुषार, दोन पंपांत गोठा भिजतो. फक्त औषधाची टाकी आधी तीनदा धुवायची.

"पंप आहे, पण नोझल तू मोडलंस," अण्णा पप्याला म्हणाले. "मोहोराच्या वेळी नेलास तेव्हा."

"मी? भाईने नेला होता!"

तिथून पुढे साडेआठपर्यंत नोझलवरच चाललं होतं.