व्हिडिओ संपला म्हणजे शिकून झालं असं नसतं
लेखात म्हटलंय की कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग पूर्ण ऑनलाइन केलं की वेळ वाचेल आणि सगळे सारखंच शिकतील. वेळ वाचतो हे मान्य, पण शिकतात का? आमच्याकडे दरवर्षी सेफ्टीचा कोर्स येतो, निम्मे लोक व्हिडिओ म्यूट करून एका टॅबमध्ये चालू ठेवतात आणि दुसरीकडे काम करत बसतात, शेवटी क्विझ, चुकलं तर परत द्या, पास होईपर्यंत द्या, झालं सर्टिफिकेट. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हीच टेक्नॉलॉजी नीट वापरली तर केवढं काम करेल!

शिकलेलं पहिल्या एक-दोन दिवसातच बरंचसं विसरतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलंय. आणि रोडिगर-कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा, ज्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला त्यांच्यापेक्षा ज्यांनी न बघता आठवून लिहिला त्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होतं. मग मोबाईलवर दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने दोन-दोन प्रश्न पाठवायला काय हरकत आहे? कागदावर हे प्रत्येकासाठी वेगवेगळं करणं फार जिकिरीचं होतं, आज सहज होतं. अंकी नावाचं अ‍ॅप हेच करतं, कॉम्प्युटरवर तर फुकट आहे, मेडिकलची मुलं कधीपासून वापरतायत.

आणि प्लीज, शेजारी बसवून शिकवणारा सीनियर काढून टाकू नका. मी पहिल्या नोकरीत एक्सेल कोर्समधून नाही शिकले, बाजूच्या मॅडमनी माझी चूक मलाच शोधायला लावली त्यातून शिकले.