झाकणाखालची साय आणि हेड गॅस्केटची घाई

थंडी पडल्यापासून आमच्याकडच्या गाडीमालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: इंजिन ऑइलचे झाकण उघडून पाहा, आतून पांढरी साय दिसली तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) ऑइलमध्ये गेले, हेड गॅस्केट (इंजिन आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधले सील) संपले, लगेच हेड उतरवा, डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइल चांगले दिसले तर निश्चिंत राहा, आणि खर्च झेपत नसेल तर ऑइल बदलून गाडी हायवेला लांब पळवा, उरलेले पाणी उडून जाईल. परभणीत इतकी वर्षे गॅरेज चालवल्यावर मला हा संदेश धोक्याचा वाटतो, कारण त्यामुळे धडधाकट इंजिने उघडली जातात आणि खरोखर बिघडलेली तशीच पळत राहतात.

पहिला दावा सायीचा. मागच्या जानेवारीत एक शिक्षक ऑइलचे झाकण फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आले. आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर होता आणि दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्यांना हेड उतरवायला सांगितले होते. गाडी पेट्रोलची, रोजचा प्रवास घर ते शाळा, जेमतेम तीन किलोमीटर. डिपस्टिकवरचे ऑइल मधाच्या रंगाचे होते, पातळी वाढलेली नव्हती आणि कूलंटही खुणेवर होते. झाकण पुसून लावले आणि सरांना जिंतूरपर्यंत जाऊन यायला सांगितले. परत आले तेव्हा झाकण कोरडे होते. आठवडाभराच्या शाळेच्या फेऱ्यांनंतर पुन्हा पातळ थर धरला.

याचे कारण साधे आहे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातली थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या कडेने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरते. इंजिन पुरते तापले की ती बाहेर ओढली जाते. पण परभणीत पारा एक आकडी असताना तीन किलोमीटरमध्ये ऑइल तापतच नाही आणि ती वाफ सर्वांत थंड जागी, म्हणजे झाकणाखाली, जमून ऑइलशी घुसळली जाते. म्हणून निव्वळ सायीवरून हेड उतरवणे चूक आहे. मात्र डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाच्या चहासारखे झाले असेल, तर ही लांब फेरी मारून पाहू नये. गाडी सुरूही करू नये, टोचन करून न्यावी.

डिपस्टिक चांगली म्हणजे सगळे चांगले, हा दुसरा दावा मला जास्त घातक वाटतो. डिझेल इंजिनाचे ऑइल काजळीने काळे असते, त्यात थोडे कूलंट मिसळले तर डोळ्यांना कळत नाही. एका काळी-पिवळी जीपचे कूलंट आठवड्याला पेलाभर कमी होत होते, गळती कुठेच नव्हती, डिपस्टिकवर नेहमीचे काळे ऑइल. आधी एका ठिकाणी हेड उतरवून गॅस्केट बदलले होते, तरी घट थांबली नव्हती. मी जीप रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूहळू सैल केला. कूलंट ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. पहिल्यांदा जे ओघळले ते काळे नव्हते, हिरवे होते. बोटभर धार हिरवी आली आणि मगच ऑइल आले.

तिसरा दावा, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये आले की दोष हेड गॅस्केटचाच, हाही याच जीपने खोडला. फुटला होता ऑइल कूलर, म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणारा भाग. त्यात ऑइल आणि कूलंट यांच्यामध्ये पातळ पत्र्याची भिंत असते. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये शिरते; इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब लगेच उतरतो, तापलेल्या कूलंटचा मात्र राहतो, आणि प्रवाह उलटा होतो. जीपच्या कूलंटच्या डब्यात तेलकट तवंग होता, तो आधी कोणी पाहिलाच नव्हता. लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) रबरी रिंगा किंवा तडकलेले हेड हीही कारणे असू शकतात. उलट, गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्ये फुटले तर जळलेला वायू कूलंटमध्ये जातो, ऑइल स्वच्छच राहते आणि इंजिन तापते. ते ओळखायला रेडिएटरच्या तोंडावर धरायचे निळे रसायन मिळते. जळलेला वायू लागला की ते पिवळे पडते. आणि नुसती ऑइलची पातळी वाढली म्हणजेही कूलंट असे नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर ती जाळून साफ होताना डिझेल ऑइलमध्ये उतरू शकते.

म्हणून हेड उतरवायला होकार देण्याआधी थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट मागावी. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी, बहुधा एक बारच्या आसपास, हवा भरतात आणि काटा उतरतो का ते पंधरा-वीस मिनिटे पाहतात. तापलेल्या इंजिनाचे रेडिएटर मात्र कधीही उघडू नये.

राहिला हायवेचा उपाय. बाष्पाचे पाणी उडते हे खरे, पण कूलंटमधले ग्लायकॉल १९७ अंश सेल्सिअसला उकळते आणि चेंबरमधले ऑइल साधारण १०० अंशांच्या आसपास असते. पाणी जाते, ग्लायकॉल मागे राहते, त्याचे आम्ल होते, चिकट गाळ धरतो आणि बेअरिंगे खाल्ली जातात. जीपला नवा ऑइल कूलर बसवल्यावर कूलंटची वाट धुऊन काढली, ऑइल आणि फिल्टर बदलले, थोडे चालवून दोन्ही पुन्हा बदलले. दुसऱ्यांदा बोल्ट सैल केला तेव्हा पहिल्या थेंबापासून ऑइलच आले.