‘गर्दी मदत करत नाही’ हे मानसशास्त्राने सिद्ध केलेलं नाही

वर्धा रोडवर किंवा रिंग रोडवर अपघात झाला की नागपूरच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘लोक व्हिडिओ काढत राहतात. 1964 मध्ये न्यूयॉर्कला 38 जण एका तरुणीचा खून बघत उभे राहिले. गर्दी जितकी मोठी तितकी मदत कमी, हे मानसशास्त्राने सिद्ध केलंय. माणुसकी मेली आहे, आणि मदत केलीच तर पोलिसांचं लचांड मागे लागतं.’ हे खरं मानून उद्या थांबू शकणारा माणूसही पुढे निघून जाईल, म्हणून एकेक विधान तपासू.

‘38 जण बघत उभे राहिले.’ किटी जेनोव्हीजचा खून 13 मार्च 1964 च्या पहाटे झाला. 38 हा आकडा वर्तमानपत्राने छापला, पण इतक्या जणांनी सगळं डोळ्यांनी पाहिल्याचा पुरावा 2007 मध्ये संशोधकांनी कागदपत्रं चाळली तेव्हा सापडला नाही. बऱ्याच जणांना नुसत्या किंकाळ्या ऐकू आल्या होत्या. एकाने खिडकीतून ओरडताच हल्लेखोर पळाला. दुसरा हल्ला इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्यापाशी झाला. तो रस्त्यावरून दिसत नव्हता. शेवटी एक शेजारीण खाली धावली आणि तिने किटीला कवेत धरून ठेवलं.

‘गर्दी मोठी तर मदत कमी.’ हे विधान ज्या प्रयोगावर उभं आहे तो डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत, कानाला हेडफोन. पलीकडे कुणाला तरी फिट आल्याचा आवाज. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के जणांनी फिट संपायच्या आत मदत मागितली. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा 31 टक्क्यांनी. व्हायरल मजकूर इथेच थांबतो. पण 31 टक्के ही एका माणसाची शक्यता आहे. पाच जणांपैकी प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठरवलं, तर निदान एक जण तरी उठेल याची शक्यता 84 टक्के येते. हिशोब सोपा आहे: एक जण न उठण्याची शक्यता 0.69; हा आकडा पाच वेळा मांडून एकमेकांशी गुणा आणि उत्तर 1 मधून वजा करा. जखमी माणसाला ‘कोणीतरी’ हवं असतं, ‘प्रत्येक जण’ नव्हे.

खऱ्या रस्त्यांवरचं चित्र तर याहून बरं आहे. लँकेस्टर, अॅम्स्टरडॅम आणि केपटाऊनमधल्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. 91 टक्के प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडलं, आणि माणसं जास्त तिथे ही शक्यताही जास्त.

‘माणुसकी मेली आहे.’ फिटच्या त्या प्रयोगात न उठलेल्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते. पलीकडचा बरा आहे ना, असं ते विचारत होते. अडतं ते दोन ठिकाणी. एक, दुसऱ्याने फोन लावला असेल असं प्रत्येकाला वाटतं. दोन, सगळे एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि चेहरे शांत दिसले की प्रकरण गंभीर नाही असा समज होतो. खोलीत धूर सोडण्याच्या प्रयोगात एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्क्यांनी जाऊन सांगितलं. दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवली तेव्हा फक्त 10 टक्क्यांनी.

म्हणून चौकात ‘अरे कोणीतरी फोन करा!’ असं ओरडू नका, कारण ते कोणालाच उद्देशून नसतं. बोट दाखवा: ‘निळ्या शर्टवाले भाऊ, तुम्ही 108 लावा. काकू, तुम्ही मागची वाहनं थांबवा.’ ठिकाण सांगताना नुसतं ‘वर्धा रोड’ उपयोगाचं नाही. चौक, दिशा, आणि मेट्रोच्या खांबावर क्रमांक असेल तर तोही सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. ते भिजलं तर न काढता वर दुसरं ठेवा. सारखं उचलून पाहिल्याने धरत आलेली गुठळी सुटते.

‘पोलिसांचं लचांड.’ सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं, पाठोपाठ 2020 मध्ये नियम आले. नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं असोत की खासगी दवाखाना, जखमीला पोहोचवणाऱ्याकडे दवाखान्याने उपचाराचे पैसे मागायचे नाहीत आणि त्याला अडवूनही ठेवायचं नाही.

मात्र 108 येण्याआधी जखमीला ऑटोत कोंबायची घाई नको. मानेला मार असेल तर दुमडून बसवल्याने मणक्याची इजा वाढते. आग किंवा अंगावर येणाऱ्या वाहनांचा धोका असेल तरच हलवा, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका; ते श्वासनलिकेत जातं.