चोर पकडण्याआधी झिरो एरर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: तारचोरीच्या लुटुपुटीच्या तपासात मी अकरावीच्या प्रॅक्टिकलचे दोन तास घालवले, तेवढ्यात व्हर्नियर आणि स्क्रू गेज ही जाडी मोजण्याची दोन्ही उपकरणं उरकली असती, बोर्डात चोर कोण हे विचारत नाहीत, आणि मुलांना एकमेकांवर संशय घ्यायला लावणं बरं नव्हे.

शेवटचं आधी घेतो. संशयित म्हणून तांब्याच्या तारेची तीन रिळं होती, २२, २३ आणि २४ गेजची (गेजचा आकडा मोठा, तशी तार बारीक). टेबलाखाली एक तुकडा सापडला, तो कोणत्या रिळाचा, एवढीच गोष्ट. वर्गातल्या कुणाचं नाव त्यात आलं नाही, येऊ द्यायचंही नाही. इथे तुमचं माझं एकमत आहे.

आता 'उरकण्या'बद्दल. उरकलेलं प्रॅक्टिकल कसं असतं हे आपण दोघंही जाणतो. साध्या लंबकाने काढलेला g (गुरुत्वत्वरण) ९८० सेमी/से² च्या आसपास यायला हवा, हे मुलांना आधीच ठाऊक असतं. मग उत्तरावरून उलटी आकडेमोड करून वीस आंदोलनांचा वेळ जर्नलमध्ये उतरतो, आपण सही करतो. तपासात ही सोय नाही. उत्तर पुस्तकात नाही, मागच्या वर्षीच्या जर्नलातही नाही.

मुलांनी आधी व्हर्नियर घेतला, कारण तो सोपा वाटतो. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.१ मिलिमीटर. २२ गेजची तार ०.७ भरली, तुकडा ०.६, म्हणजे ते रीळ सुटलं. पण २३ गेजची तार ०.६१ मिलिमीटर आणि २४ ची ०.५६; व्हर्नियरवर दोन्ही ०.६ च. "सर, दोघंही चोर!" अशी आरोळी उठली. लीस्ट काउंटची व्याख्या मी त्यानंतर सांगितली, आणि कधी नव्हे ते वर्गाने ती मागून घेतली.

मग स्क्रू गेज. एका गटाला तुकडा ०.५६ आला, दुसऱ्याला ०.६१. दोन गट, दोन चोर, आणि चांगलीच जुंपली. पहिल्यांदा संशय रॅचेटवर, म्हणजे तारेवर जास्त दाब पडू न देणाऱ्या टकटकत्या टोकावर गेला; कुणीतरी टकटक न ऐकता थेट नळीच पिळली असेल, असं ठरलं. पुन्हा मोजलं, तेच आकडे. शेवटी एका मुलीने दुसऱ्या गटाच्या स्क्रू गेजचं तोंड रिकामंच मिटवलं. शून्याऐवजी पाचवा भाग रेषेवर. म्हणजे मध्ये काहीच नसताना तो ०.०५ मिलिमीटर दाखवत होता: झिरो एरर अधिक ०.०५. तो वजा केला आणि २३ गेजचं रीळ निर्दोष सुटलं.

सर, तुम्ही विचाराल, हेच फळ्यावर पाच मिनिटांत होतं की. होतं. 'अधिक असेल तर वजा करा' हे मुलं पाठ करतात आणि ओरलला बरोबर उलटं सांगतात. इथे ते ०.०५ वजा केलं नसतं तर निरपराध रिळावर ठपका बसला असता, म्हणून चिन्ह कुठलं हे त्यांना पटलं. ओरलमध्ये हेच विचारतात, तेव्हा बोर्डाचंही फार बिघडत नाही.

राहिला 'हे विज्ञान नव्हे, नाटक' हा शेरा. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेंचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच. हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा जवळपास अर्धा टक्का जड भरत होता. त्यांनी १८९२ मध्ये 'नेचर'मध्ये पत्र लिहून वाचकांनाच कारण विचारलं. हा तपास १८९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींच्या साथीने हवेत दडलेल्या अर्गॉन या तोवर अज्ञात वायूपर्यंत पोचला. त्यांच्या वजनात एक टक्क्याची ढिलाई असती, तर विचारण्यासारखं काही दिसलंच नसतं.

वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे. असा तपास वर्षातून एकदाच जमतो, आणि मोठी बॅच असेल तर आठ-आठच्या गटांनी. लंबक, स्प्रिंग वगैरे मीही नेहमीच्याच पद्धतीने घेतो.

तुमच्याकडे करून बघणार असाल तर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तुकडे मिळतील. फक्त त्यावरचं इनॅमल सँडपेपरने आधी घासून काढा; तो थर काही शतांश मिलिमीटरचा असतो आणि २४ ची तार थेट २३ च्या घरात जाऊन बसते. की मुद्दाम तसंच ठेवायचं, हे तुम्ही ठरवा. मी पुढच्या बॅचला तसंच ठेवणार आहे.